पिवळं कुठलं ते सांग

"अहो, तुमच्या झाडाची खालची पानं पिवळी पडलीत बघा," चहाचा कप पुढे ठेवता ठेवता बायको म्हणाली. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. झाड होतं तिथेच होतं आणि त्याची पानं, खालची, मधली, वरची, सगळी हिरवी होती. तो उठला, चष्मा लावला आणि जवळ गेला. जाड, गुळगुळीत, नाण्याएवढ्या पानांचं ते जेडचं झाड. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा मागे ठेवून गेली होती. "कुठली?" त्याने विचारलं.  एखाद्याकडे बघायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ बायकोने त्याच्याकडे बघितलं. "ही काय, बुंध्याजवळची," असं म्हणून बोटही दाखवलं, पण ते इतकं सैल की तीन-चार पानांवर एकदमच रोखलेलं होतं. मग तिने पर्स उचलली, चपला घातल्या आणि ती कामावर निघून गेली. चहा निवत राहिला. तो खिडकीशी उभा राहून पानामागून पान बघत होता आणि प्रत्येक पान हिरवंच होतं.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण बायको उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून तिची हयात गेली होती आणि वाईट बातमी किती पातळ करून द्यायची याचं तिला नेमकं माप होतं. ती "थोडं ठणकेल" म्हणाली की माणसाने दोन दिवसांची रजा टाकावी. तेव्हा "पिवळी पडलीत" म्हणजे ती आज पडलेली नव्हती. आणि पिवळं, हिरवं, पांढरं हे तिने त्याला सांगावं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातला प्रकार होता. रंगाच्या कारखान्यात त्याला रंगोबा म्हणत. डबाबंद होण्याआधी प्रत्येक रंग त्याच्या डोळ्यांखालून जाई आणि तो हो म्हणेपर्यंत झाकण लागत नसे. लोकांना जिथे एक पांढरा दिसे तिथे त्याला पांढऱ्यांचा अख्खा गोतावळा दिसे. कुणात दुधाची झाक, कुणात हाडाची, कुणात जुन्या कागदाची. लग्नाआधी पहिल्यांदा भेटले तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, तुमच्या छत्रीचा घडीतला निळा आणि वरचा निळा यांत फरक आहे, म्हणजे तुम्ही ती पावसापेक्षा उन्हात जास्त वापरता. ती अजून सगळ्यांना सांगते, यांनी मला नाही, छत्रीला पसंत केलं. हे आठवून एरवी त्याला हसू येई. आज त्याने पानावर बोट ठेवलं, हलकेच दाबलं, आणि पान देठापासून सुटून त्याच्या तळहातावर आलं. ते भिजलेल्या बोळ्यासारखं मऊ होतं. रंग मात्र त्याला हिरवाच दिसत होता.

बसमध्ये बसल्या बसल्या त्याने मुलीला फोन लावला. झाडाचं म्हणून लावला. निदान स्वतःला त्याने तसंच सांगितलं. "खालची पडताहेत की वरची?" मुलीने डॉक्टरीणबाईच्या थाटात विचारलं. खालची. "सुरकुतलीत की मऊ झालीत? सुरकुतली असतील तर तहान आहे. मऊ असतील तर पाणी जास्त झालंय." मऊ, तो म्हणाला, दाबलं की पाणी सुटतं, आणि नुसता हात लागला तरी गळतात. हे सांगताना त्याचा आवाज खणखणीत होता, कारण हे त्याच्या बोटांनी पाहिलेलं होतं. "किती पाणी घालतोस बाबा?" थोडंसंच. सकाळी पेल्यात उरतं तेवढं. "रोज? अरे बाबा, मी तुला काय सांगून गेले होते? त्याला विसरलास तरी चालेल. त्याला विसरलेलंच आवडतं. पानांतच साठा असतो त्याचा." मग तिने विचारलं, "बरं, रंग कसा झालाय? फिकट पिवळा, की काचेसारखा आरपार पिवळा?" बस वळणावर कलली. त्याने पुढच्या बाकाची दांडी धरली. "पिवळा आहे," तो म्हणाला, "पिवळा असतो तसा पिवळा."  लहानपणी तिला समोर बसवून त्याने एका लिंबातले पिवळे मोजायला शिकवलं होतं. देठाजवळचा वेगळा, फुगीर भागावरचा वेगळा, सावलीतला वेगळा. "बरा आहेस ना रे?" तिने विचारलं. बसमध्ये ऐकू येत नाहीये, असं सांगून त्याने फोन ठेवला. खरं तर शब्द न् शब्द ऐकू आला होता.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. त्याचं उलटंच होत होतं की काय? तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. दुकानांच्या पाट्या, एक शाळेची गाडी, फळवाल्याचा ढीग. पिवळं दिसत होतं, गडद असलं की दिसतच होतं. मग त्याला गेल्या काही महिन्यांतल्या एकेक गोष्टी आठवायला लागल्या, आणि त्या आठवायला नकोत म्हणून तो पाट्या वाचत राहिला, तरी त्या आल्याच. अंड्याचा बलक हल्ली पांढुरका असतो म्हणून तो अंडीवाल्याशी हुज्जत घालून आला होता. काळा म्हणून घातलेला एक मोजा दुपारी निळा निघाला, तेव्हा त्याने धुण्याच्या साबणाला दोष दिला. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पसरट दिसत, तर तो म्हणे, हल्ली दिवेच तसले बसवतात. आणि ते यंत्र. कारखान्यात रंगाचे आकडे सांगणारं यंत्र आलं त्याला बरीच वर्षं झाली होती. पहिली काही वर्षं यंत्र आणि तो एकमेकांची री ओढत, कधी फरक पडलाच तर यंत्र चुकलेलं निघे, आणि मालक आल्यागेल्याला ते कौतुकाने सांगत. गेल्या वर्षापासून मात्र त्यांचं पटेनासं झालं होतं, तेही नेमकं पांढऱ्यावर. यंत्र म्हणे पिवळट आहे, तो म्हणे बरोबर आहे. नाचता येईना अंगण वाकडं. त्याने यंत्र दोनदा दुरुस्तीला धाडलं, आणि दोन्ही वेळा ते काही बिघाड नाही अशी चिठ्ठी घेऊन परत आलं. दुसऱ्या चिठ्ठीनंतर त्याने यंत्राकडे बघायचंच सोडलं होतं.

त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करत. शेवटी शेवटी त्यांच्या हाताला कंप सुटला. कोणी दुकानात आलं की ते उजवा हात गल्ल्याखाली घेत आणि डाव्या हाताने घड्याळ घेऊन "परवा या" म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक परवा येत, घड्याळ घेऊन जात, बरं चालतंय म्हणत. वडील गेल्यावर दुकान आवरताना समोरचा चष्मेवाला सहज बोलून गेला की माणूस मोठा होता तुमचा बाप, शेवटची दोन-तीन वर्षं लोक त्यांच्याकडे घड्याळ देत आणि इथून नेऊन पलीकडच्या गल्लीत पुन्हा दुरुस्त करून घेत, पण कोणी एक शब्द बोललं नाही. तो हे कौतुकाने सांगत होता. तेव्हा ऐकताना त्याला ते प्रेमाचं वाटलं होतं, सगळ्या गल्लीने मिळून एका म्हाताऱ्याला जपलं असं. आज बसमध्ये ते आठवलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला. वडील गल्ल्यामागे ताठ बसलेले दिसले, आपल्याला कोणी ओळखलेलं नाही अशा भ्रमात, आणि बाहेर सगळ्यांना ठाऊक. त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं? दुकान बंद केलं असतं. दुखलं असतं. पण मग निदान त्यांनी कोणाला तरी आपला हात दाखवला असता, आणि त्या कोणीतरी तो धरला असता. त्याने स्वतः कधी धरला नव्हता, कारण तो हात कधी गल्ल्यावर आलाच नाही.

कारखान्यात गेल्यावर तो थेट शेड रूममध्ये, रंग ताडून बघायच्या खोलीत, शिरला. या खोलीच्या भिंती राखाडी, टेबलं राखाडी, पडदासुद्धा राखाडी. डोळ्याला दुसऱ्या रंगाची चव लागू नये म्हणून. हे झाडही त्याने आधी इथेच आणलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी, हिरवा डोळ्यात राहतो म्हणत स्वतःच घरी परत नेलं होतं. त्याने कपाटातून पांढऱ्यांच्या जुन्या पट्ट्या काढल्या. पत्र्याच्या, हातभर लांब, मागे त्याच्याच अक्षरात नंबर. त्या एकापुढे एक किंचित पिवळट होत जात. नव्या माणसाला शिकवताना तो त्या पालथ्या घालून पिसायचा, मग उलटवून ओळीत लावायला सांगायचा, आणि नवा माणूस चुकला की मिश्किल हसायचा. त्याने दार लोटून घेतलं, पट्ट्या पिसल्या आणि दिवा लावला. पहिल्या दोन सहज लागल्या. शेवटच्याही लागल्या. मधल्या चार हातात राहिल्या. तो एक पुढे ठेवी, दुसरी मागे ठेवी, पुन्हा अदलाबदल करी. त्या चारही एकच होत्या. चार भावंडं त्याने जन्मापासून ओळखावीत आणि एक दिवस ती सगळी एकाच तोंडाने समोर उभी राहावीत, तसं झालं. मनाशी एक क्रम ठरवून त्याने त्या लावल्या आणि उलटवून नंबर बघितले. चारातली एकही आपल्या जागी नव्हती. तो स्टुलावर बसला. त्याला भीती वाटली, लहान मुलाला गर्दीत हात सुटल्यावर वाटते तशी साधी भीती. रंगोबाचे रंग गेले तर मागे नुसता बा उरतो, असं काहीतरी मनात येऊन गेलं, पण हसू आलं नाही.

त्याच वेळी भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज आला. पलीकडे मिक्सर होता. तिथे मिक्सरवाले मामा आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेली केमिस्ट, तिशीची, कामाला चोख पोरगी, दबक्या आवाजात बोलत होती. "कालचा पांढरा सरांनी पास केलाय," ती म्हणाली, "जांभळ्याचे थेंब टाकून घ्या मामा. नेहमीसारखेच." पिवळट पांढऱ्यात जांभळ्याचे दोन-चार थेंब घातले की पिवळा मरतो, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. त्याने दार उघडलं. मामांच्या हातातली बाटली तशीच हवेत राहिली.

"नेहमीसारखे म्हणजे कधीपासून?" त्याने विचारलं.

"सर, तसं काही नाही..."

"कधीपासून, ते विचारतोय."

"यंत्र दुसऱ्यांदा परत आलं ना, तेव्हापासून," ती खाली बघून म्हणाली.

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"कसं सांगणार, सर? तुमच्याकडूनच शिकले मी. आणि थेंबभराचंच तर काम होतं."

"मीच म्हटलं तिला, कशाला त्यांच्या जिवाला घोर," मामा मध्ये पडले. "रिटायर व्हायला किती दिवस राहिलेत आता. आम्ही आहोत की सांभाळायला." त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. मालकांना माहीत आहे का, असं त्याने विचारलं तेव्हा दोघांनीही नजर खाली घातली, त्यावरून कळायचं ते कळलं. तो शेड रूममध्ये परतला. पट्ट्या कपाटात ठेवल्या, त्याही गोंधळलेल्या क्रमानेच, आणि डोकं दुखतंय सांगून दुपारीच घरी आला. रस्ताभर त्याचे कान तापले होते. चोरी पकडली गेली तर चोराला वाटत असेल ते, आणि चोरी झालेल्याला वाटत असेल ते, दोन्ही त्याला एकदमच वाटत होतं.

बायको संध्याकाळी आली तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि तो मांडी घालून मधोमध बसला होता. त्याने कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं होतं. माती इतकी ओली की कुंडीच्या आकाराचा गोळा जसाच्या तसा निघाला, आणि त्याला आंबल्यासारखा वास येत होता. तो बोटांनी माती सोडवत होता. कुजलेल्या मुळाची साल हात लावताच सरकून येई आणि आत नुसता दोरा राही. चांगलं मूळ बोटाला ताठ लागे. याला रंगाची गरज नव्हती. त्याने सुरी स्पिरिटने पुसली आणि कुजलेलं सगळं छाटलं. मग बुंधा अंगठ्याने दाबला. मुलीने पुन्हा फोन करून बजावलं होतं, बुंधा मऊ लागला तर संपलं, बाबा. त्याने तळापासून वरपर्यंत दाबत नेला. बुंधा टणक होता. त्याला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमकी तेव्हाच बायको दारात येऊन उभी राहिली.

"सकाळी मुद्दाम म्हणालीस ना?" त्याने विचारलं.

ती पर्स न ठेवताच खाली बसली. "हो."

"आधीही पिवळी पडत होती?"

"केव्हाची. मी रोज वेचत होते तुम्ही उठायच्या आत. म्हटलं, यांच्या लक्षात येईल आज, उद्या येईल. तुमच्या लक्षात येईना."

"टाकलीस कुठे? केराच्या डब्यात तर मला कधी दिसली नाहीत."

"पर्समधून न्यायचे," ती ओशाळून म्हणाली, "दवाखान्याच्या डब्यात टाकायचे. आणि पिवळी पडताहेत म्हणजे तहान लागली असेल, म्हणून संध्याकाळी आले की मीही पाणी घालत होते." सकाळी तो, संध्याकाळी ती, दोघांनी एकमेकांना न सांगता त्या झाडाला पाजून पाजून बुडवलं होतं. अति तिथे माती म्हणतात, इथे मातीचाही चिखल झाला होता. त्याला हसू यायला हवं होतं, पण रागच आला. "सगळ्यांनी मिळून माझं बाहुलं केलंत," तो म्हणाला. "तिकडे ती पोरगी थेंब टाकते, मामा टाकतात, मालकांना माहीत, इकडे तू पर्समधून पानं नेतेस. मी काय दूधपितं पोर आहे? एकाने, एकाने तरी तोंडावर सांगायचं होतं." आवाज चढला होता. तिने तो पूर्ण चढू दिला, दवाखान्यात रुग्णाचा चढू देते तसा. "सांगितलं असतं," ती मग म्हणाली, "तर तुम्ही खिडकीची काच बदलून घेतली असती."

तो थांबला. अंडीवाला, साबण, गाड्यांचे दिवे, यंत्र. काच त्याच्या डोक्यात आली नव्हती एवढंच. "डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय मी, उद्या संध्याकाळची," ती म्हणाली. "मोतीबिंदू असेल. आमच्या डॉक्टरांच्या सासऱ्यांनाही असंच रंगाचं झालं होतं." आणि तो नसेल तर, असं त्याने विचारलं नाही, आणि तिनेही त्यावर पातळ केलेलं काही सांगितलं नाही. तिने पर्स बाजूला ठेवली आणि ती त्याच्या समोर, वर्तमानपत्रांच्या कडेला सरकून बसली. झाड त्याच्या हातात होतं. मऊ पानं त्याने मघाच काढली होती. पण पिवळी पडून अजून मऊ न झालेली असतील, ती बोटाला कळणारी नव्हती. त्याने झाड तिच्याकडे वळवलं. "यातलं पिवळं कुठलं, ते सांग," तो म्हणाला. एवढं वाक्य बोलायला त्याला आयुष्यात कधी इतका वेळ लागला नव्हता.

ती वाकून बघू लागली. त्याने एका पानाला हात लावला. "हे?" "ते नको, ते छान आहे. त्याच्या खालचं." "हे?" "हो." त्याने ते खुडलं. "आता मागच्या बाजूला, वरून दुसरं. नाही, नाही, अलीकडचं. हां." ती सांगत गेली, तो खुडत गेला. मध्येच ती म्हणाली, "हे एक अर्धं पिवळं आहे, काय करायचं?" आणि तो म्हणाला, "अर्धं म्हणजे कसं, नीट सांग." तिने प्रयत्न केला. देठाकडे हिरवं आहे, टोकाला असं, काय म्हणू, लोण्यासारखं. त्याने डोळे मिटले आणि त्याला तो पिवळा अगदी लख्ख दिसला. राहू दे ते, तो म्हणाला. झाड अगदी लुकडं झालं. मुलीच्या सांगण्याप्रमाणे आता ते उघड्या मुळांनी सावलीत आडवं पडून सुकायचं होतं, मग खडेमिसळ कोरड्या वाळूत लावायचं, आणि त्यानंतरही पाणी लगेच द्यायचं नव्हतं. हात आवरून बसायचं, हाच उपचार. "मला जमायचं नाही," बायको म्हणाली. "मला कुठे जमतंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला. एका शाळेच्या वर्गांसाठी पांढरा तयार होत होता. मामांनी मिक्सरमधून नमुना काढून दिला, केमिस्टने पट्टीवर ओढला, वाळवला, आणि जुन्या मान्य पट्टीला लावून दिव्याखाली ठेवला. मग नेहमीप्रमाणे ती बाजूला झाली. कालचं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने दोघंही उभी होती. तो हो म्हणेल, ती मान डोलवेल, आणि मामा पलीकडे जाऊन काय करायचं ते करतील. सगळं ठरल्यासारखं होतं. कालच्या दिवसावर पांघरूण घालायला ती दोघं तयार होती, त्याने फक्त ओढून घ्यायचं होतं. त्याने वाकून बघितलं. मान तिरपी करून, चष्म्याच्या वरून, चष्म्यातून, जेवढ्या रीतींनी बघता येतं तेवढ्या रीतींनी अगदी प्रामाणिकपणे बघितलं. दोन्ही पांढरे एकमेकांना चिकटून शांत उभे होते. जीभ "ठीक आहे" म्हणायला उचलली गेली होती.

"मला दोन्ही सारखे दिसताहेत," तो म्हणाला. "मला हा फरक आता दिसत नाही. तू बघ आणि सांग."

केमिस्टने मामांकडे बघितलं. मामा बाटलीचं झाकण उगाचच घट्ट करू लागले. त्याने स्टूल मागे ओढून तिला दिव्यासमोर जागा करून दिली. ती पुढे झाली, वाकली, आणि लगेच सरळ झाली. तिला बघायला वेळ लागलाच नाही, हेही त्याला दिसलं. "पिवळा आहे, सर," ती पुटपुटली.

"मामांना ऐकू जाईल असं."

"पिवळा आहे," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्याचे कान पुन्हा तापले. लाज वाटत होती, चांगली सणसणीत वाटत होती, आणि तरीही पाय जमिनीवर नीट टेकल्यासारखे वाटत होते.

"किती पिवळा?" त्याने विचारलं. "नीट सांग. कुणासारखा?"

ती पुन्हा वाकली, आता सावकाश, आणि शब्द शोधत शोधत सांगू लागली. तो तिच्या मागे उभा राहून ऐकू लागला.